सूर्यमाला आणि ग्रहांच्या कक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या वेळी दुर्बिणीपाशी आपली पाळी येण्याची वाट बघत उभे असलेले लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. त्यातला तिसरा प्रश्न बाकी बहुतेकांच्या मुळाशी आहे. घाईत असाल तर तो आधी वाचा.

सूर्यमालेत नेमकं काय काय येतं?

मुख्यतः सूर्य. सूर्यमालेतल्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून जास्त एकट्या सूर्यात आहे. उरल्यासुरल्यातला मोठा वाटा गुरूचा. बाकीचे सातही ग्रह एकत्र केले तरी गुरू त्यांच्या अडीचपट भरतो. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चार खडकाळ ग्रह, गुरू आणि शनी हे वायूंचे प्रचंड गोळे, त्यापलीकडे युरेनस आणि नेपच्यून. शिवाय या ग्रहांचे उपग्रह, मंगळ आणि गुरू यांच्यामधला लघुग्रहांचा पट्टा, नेपच्यूनपलीकडे कायपर पट्टा, धूमकेतू आणि भरपूर धूळ.

लघुग्रहांचा पट्टा चित्रांमध्ये दगडधोंड्यांनी खच्चून भरलेला दाखवतात. ते चित्र मनातून पुसून टाका. पट्ट्यातल्या सगळ्या लघुग्रहांचं मिळून वस्तुमान आपल्या चंद्राच्या जेमतेम ३ टक्के आहे, आणि ते अफाट जागेत पसरलेलं आहे. १९७२ मध्ये निघालेलं पायोनियर १० हे यान पहिल्यांदा या पट्ट्यातून गेलं आणि सुखरूप पार झालं.

ही अंतरं डोळ्यांपुढे आणायची कशी?

सूर्य १ मीटर व्यासाचा चेंडू आहे असं समजा. मग पृथ्वी होते ९ मिलिमीटरची, म्हणजे वाटाण्याएवढी, आणि ती ठेवायची १०७ मीटर दूर. चंद्र त्या वाटाण्यापासून २८ सेंटिमीटरवर. गुरू १० सेंटिमीटरचा, पण जवळपास ५६० मीटर लांब. नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर. आणि सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, याच मापाने सुमारे २९ हजार किलोमीटरवर!

एका पानावर सूर्य, ग्रह आणि अंतरं ही तिन्ही खऱ्या प्रमाणात काढताच येत नाहीत. पाठ्यपुस्तकातली आकृती चुकीची नसते, ती फक्त नावं आणि क्रम सांगते. अंतर आकड्यांतूनच समजून घ्यावं लागतं. पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. त्याला एक खगोलीय एकक म्हणतात. प्रकाशाला एवढं अंतर कापायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात.

सूर्य एवढा ओढतो, तर पृथ्वी त्याच्यावर पडत का नाही?

पडते आहे. हे वाचत असताना, दर सेकंदाला पडते आहे. फक्त ती सूर्याला गाठत नाही, कारण तिला आडवा वेग आहे.

हे समजायला न्यूटनने वापरलेली कल्पनाच अजून सर्वांत चांगली आहे. खूप उंच डोंगरावर तोफ ठेवली आहे, हवेचा अडथळा नाही. गोळा आडवा उडवला की तो वळत वळत खाली येतो. दारू जास्त भरली की आणखी लांब जाऊन पडतो. आता लक्षात घ्या, जमीन सपाट नाही. पृथ्वीचा पृष्ठभाग दर ८ किलोमीटरला सुमारे ५ मीटर खाली झुकतो. आणि वरून सोडलेली कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटरच पडते. म्हणजे गोळा सेकंदाला साधारण ८ किलोमीटर वेगाने सुटला, तर तो जेवढा खाली पडेल तेवढीच जमीनही त्याच्याखालून झुकलेली असेल. पडणं थांबलेलं नाही, पण जमीन काही येत नाही. गोळा पृथ्वीला चक्कर मारून पुन्हा तोफेपाशी येईल. हीच कक्षा.

पृथ्वीचंही तसंच. ती एका सेकंदात जवळपास ३० किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्या वेळात सरळ रेषेपासून सूर्याच्या दिशेने फक्त ३ मिलिमीटर घसरते. तीस किलोमीटरमागे तीन मिलिमीटर! एवढ्याशा वळणाने वर्षभरात पूर्ण फेरा होतो.

मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं ते न्यूटनने चंद्राच्या बाबतीत केलेलं गणित. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या ६० त्रिज्या दूर आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होत असेल, तर तिथे ते ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पटींनी क्षीण असायला हवं. जमिनीजवळ वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, त्याचा ३,६००वा भाग १.३६ मिलिमीटर. आणि चंद्राची कक्षा व त्याचा वेग घेऊन मोजलं, तर चंद्र सेकंदाला खरोखर तेवढाच पृथ्वीकडे वळतो. झाडावरून गळणारं फळ आणि आभाळातला चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे त्या दिवसापासून नुसतं मत राहिलं नाही, मोजलेली गोष्ट झाली.

पण गुरुत्वाकर्षण आत ओढतं आणि अपकेंद्री बल बाहेर ढकलतं, त्यांचा तोल साधतो म्हणून ग्रह फिरतो ना?

असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं आणि त्यानेच गोंधळ होतो. बलांचा खरोखर तोल साधला असता, तर ग्रहावर एकूण बल शून्य उरलं असतं, आणि मग तो सरळ रेषेत निघून गेला असता. वळायला एका बाजूचं, न तोललेलं बल लागतं. ते सूर्याचं गुरुत्वाकर्षण.

गोफण आठवा. गरगर फिरवून दोरी सोडली की दगड हातापासून थेट बाहेरच्या दिशेने जात नाही, त्या क्षणी ज्या दिशेने चाललेला असतो त्याच दिशेने, वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेत सुटतो. बाहेर ढकलणारं काही तिथे नव्हतंच. दोरी आत ओढत होती, ती ओढ संपली. मोटार वळताना आपण बाहेर फेकले जातो असं वाटतं, कारण आपलं शरीर सरळ जाऊ बघतं आणि मोटार वळते. मोटारीत बसून हिशेब मांडायचा असेल तर अपकेंद्री बल हा शब्द सोयीचा आहे. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला त्याची गरज नाही.

ग्रहांना फिरत ठेवायला ऊर्जा कोण पुरवतं?

कोणीच नाही, आणि लागतही नाही. जमिनीवर सगळं घर्षणाने थांबतं, म्हणून गती टिकवायला सतत जोर लावावा लागतो अशी आपली सवय झाली आहे. अवकाशात अडवणारं जवळजवळ काहीच नाही. जडत्वामुळे वेग टिकतो, गुरुत्वाकर्षण फक्त दिशा बदलत राहतं.

मग सुरुवातीचा तो आडवा वेग आला कुठून? आणि सगळे ग्रह एकाच दिशेने का फिरतात?

दोन्हींचं उत्तर एकच. सुमारे ४.६ अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला. त्याला मुळात थोडीशी गिरकी होती. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसा, कोणाला तरी खुर्ची फिरवायला सांगा आणि मग हात छातीशी घ्या. वेग एकदम वाढतो. ढग आकसला तशी त्याची गिरकीही वाढली. आसाच्या दिशेने तो सहज दबला, पण आडव्या दिशेने फिरण्याने त्याला धरून ठेवलं, म्हणून त्याची चपटी तबकडी झाली. मधोमध सूर्य बनला, तबकडीतल्या मालमसाल्यातून ग्रह बनले. ते त्याच पातळीत आणि त्याच दिशेने आजही फिरतात. ज्याला आडवा वेग पुरेसा नव्हता, ते सगळं सूर्यात गेलं. जे उरलं ते आपण पाहतो.

स्वतःभोवती फिरण्याची गोष्ट मात्र वेगळी. शुक्र उलट फिरतो आणि युरेनस ९८ अंश कलून जवळजवळ लोळतच चालतो. सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या धडकांनी युरेनस असा कलला असावा असं मानतात.

कक्षा लंबवर्तुळाकार असते म्हणजे किती लांबट?

चित्रात अंड्यासारखी दाखवतात, तेवढी मुळीच नाही. पृथ्वीची कक्षा १ मीटर रुंद काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांत फरक पडतो ०.१४ मिलिमीटरचा. पेन्सिलची रेघ त्याहून जाड असते! म्हणजे डोळ्यांना ती वर्तुळच दिसेल. पण सूर्य त्या आकृतीच्या मधोमध नसेल, केंद्रापासून ८ मिलिमीटर बाजूला, लंबवर्तुळाच्या एका नाभीवर असेल. (लंबवर्तुळाच्या आत, केंद्राच्या दोन बाजूंना असलेले दोन ठरावीक बिंदू म्हणजे नाभी.) कक्षेचा लांबटपणा मुख्यतः असाच जाणवतो: आकारात नव्हे, तर सूर्य मध्यापासून सरकलेला असण्यात.

मग हे एवढं बारीक जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरला सापडलं कसं? डेन्मार्कच्या टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीचा शोध लागण्याआधी, नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षं मंगळाच्या नोंदी ठेवल्या होत्या. १६०१ मध्ये तो गेल्यावर त्या केप्लरच्या हाती आल्या. वर्तुळाकार कक्षा धरून केप्लरने केलेलं गणित आणि नोंदी यांत ८ कलांचा फरक राहत होता. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव हिस्सा झाला हा फरक. दुसरा कोणी असता तर नोंदीतली चूक म्हणून सोडून दिलं असतं. केप्लरचा टायकोच्या नोंदींवर विश्वास होता, म्हणून त्याने दोन हजार वर्षांचं लाडकं वर्तुळच सोडून दिलं. १६०९ मध्ये त्याचे पहिले दोन नियम प्रसिद्ध झाले. कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या एका नाभीवर असतो, हा पहिला. ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा दुसरा. म्हणजे सूर्याजवळ असताना ग्रह वेगाने धावतो, लांब गेला की रेंगाळतो.

पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते म्हणतात. मग तेव्हा थंडी का?

थंडी उत्तर गोलार्धात, दक्षिणेत तेव्हा उन्हाळा असतो. ऋतू पृथ्वीच्या आसाच्या २३.४ अंशांच्या कलामुळे होतात. जानेवारीत अंतर १४ कोटी ७१ लाख किलोमीटर आणि जुलैमध्ये १५ कोटी २१ लाख. त्यामुळे जानेवारीत ऊन एकूण ७ टक्के जास्त मिळतं, पण कलाच्या परिणामापुढे ते फिकं पडतं.

दुसरा नियम मात्र इथे घरबसल्या पडताळता येतो. दिनदर्शिका घ्या आणि २० मार्च ते २२ सप्टेंबर हे दिवस मोजा: १८६. मग २२ सप्टेंबर ते २० मार्च मोजा: १७९. अर्धा फेरा सात दिवस लवकर उरकतो, कारण त्या अर्ध्यात पृथ्वी सूर्याजवळ असते आणि वेगाने चालते.

लांबचे ग्रह इतके हळू का?

त्यांचा रस्ता लांब असतो, हे अर्धंच उत्तर झालं. दूर सूर्याची ओढ कमी, म्हणून तिथे सूर्याभोवती टिकून राहायला वेगही कमी लागतो. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून ५.४. त्यामुळे बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं, तर नेपच्यूनचं जवळपास १६५ वर्षांचं. १८४६ मध्ये सापडलेल्या नेपच्यूनचा त्यानंतरचा पहिला फेरा २०११ मध्ये पुरा झाला.

केप्लरचा १६१९ चा तिसरा नियम हेच आकड्यात सांगतो: आवर्तकालाचा, म्हणजे एका फेऱ्याला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचं अंतर ५.२ खगोलीय एकक आहे. ५.२ चा घन १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६. गुरूला सूर्याभोवती फिरायला बरोबर तेवढी वर्षं लागतात.

अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं का?

असतं, जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के. स्थानक फक्त ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं स्थानक एकत्रच पडत असतात. ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ हा शब्दप्रयोग वापरातून गेला तर बरं होईल असं मला मनापासून वाटतं. गुरुत्वाकर्षण नसतं, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलंच नसतं.

मंगळ वक्री होतो म्हणजे खरोखर उलटा चालतो?

नाही. आतल्या कक्षेतली पृथ्वी वेगवान आहे, ती दर २६ महिन्यांनी मंगळाला मागे टाकते. ओलांडून जाताना काही आठवडे मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो, मग पुन्हा मार्गी होतो. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, ही उपमा आर्यभटाने पृथ्वीच्या परिवलनासाठी, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासाठी, दिली होती. इथेही ती लागू पडते, फक्त इथे दोन्ही नावा चालत्या आहेत.

सूर्याकडे यान पाठवणं सोपं असेल ना? तो तर आपणच ओढतो.

उलट फार अवघड आहे. पृथ्वीवरून निघालेल्या यानाला पृथ्वीचा सेकंदाला ३० किलोमीटरचा आडवा वेग आपसूक मिळतो. सूर्यात थेट पडायचं तर तो जवळजवळ सगळा मारावा लागतो. सूर्यमाला सोडून कायमचं निघून जायला पृथ्वीच्या अंतरावर सेकंदाला ४२ किलोमीटर वेग पुरतो, म्हणजे ३० मध्ये फक्त १२ ची भर. सूर्यापेक्षा तारे गाठायला निघणं स्वस्त पडतं! ऑगस्ट २०१८ मध्ये निघालेल्या पार्कर सोलर प्रोब या नासाच्या यानाला सात वेळा शुक्राजवळून जावं लागलं. दर खेपेला शुक्राच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा वेग थोडा खाल्ला आणि कक्षा आत आत सरकली. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं, ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर वेगाने.

हीच युक्ती उलटी वापरून व्हॉयेजर २ ने गुरूकडून वेग उचलला आणि शनी, युरेनस, नेपच्यून असा प्रवास १९७७ ते १९८९ या १२ वर्षांत केला.

आणि पृथ्वीच जागच्या जागी थांबली तर? ती सरळ सूर्याकडे पडेल आणि सुमारे ६५ दिवसांत पोचेल.

प्लूटोला ग्रहांमधून का काढलं?

कारण त्याच्यासारखे आणखी सापडू लागले. २००५ मध्ये जवळपास तेवढाच मोठा एरिस सापडला. एकतर यादी वाढवत न्यायची, नाहीतर ग्रहाची व्याख्या करायची. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने व्याख्या केली. तिच्यातली ‘आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा’ ही अट प्लूटो पुरी करत नाही, म्हणून तो बटुग्रह ठरला. लोकांना याचं वाईट वाटतं हे मी समजू शकतो, पण १८०१ मध्ये सापडलेल्या सेरेसच्या वाट्यालाही हेच आलं होतं. तोही आधी ग्रह म्हणून मोजला गेला, मग लघुग्रह झाला.

प्लूटोची कक्षा नेपच्यूनच्या आत शिरते. १९७९ ते १९९९ तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरीही ते धडकत नाहीत, कारण नेपच्यूनचे तीन फेरे होतात तेवढ्यात प्लूटोचे बरोबर दोन. प्लूटो आत असतो तेव्हा नेपच्यून नेहमीच लांब असतो.

सगळे ग्रह एका रांगेत आले तर पृथ्वीवर काही होईल?

काही होणार नाही. गुरू अगदी जवळ असतानाही त्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी असते, आणि बाकीच्या ग्रहांची तर त्याहूनही कमी.

हे नियम खरे आहेत हे कशावरून?

१७८१ मध्ये सापडलेला युरेनस गणितापासून किंचित भरकटत होता. पलीकडून कोणी ओढतंय का, असं धरून फ्रेंच गणिती ल व्हेरिएने त्या न दिसलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गालेने दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

बुधाची कथा याच्या उलट. त्याच्या कक्षेचा सूर्याशी सर्वांत जवळचा बिंदू शतकाला ४३ विकला (कलेचा साठावा भाग म्हणजे एक विकला) जास्त सरकत होता. इथेही ल व्हेरिएने लपलेला ग्रह सुचवला, पण तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतातून तो ४३ चा आकडा नेमका निघाला. एकदा ग्रह नवा निघाला, एकदा नियमच सुधारावा लागला. दोन्ही वेळा सुरुवात एका छोट्या, न जुळणाऱ्या आकड्याने झाली.

हे सगळं मला स्वतःला पाहता येईल का?

नक्की येईल. साधी द्विनेत्री घ्या, ती कशावर तरी घट्ट टेकवा आणि गुरूकडे बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार ठिपके दिसतील, कधी तीन, कधी दोनच. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले हेच चार चंद्र. रोज रात्री एकाच वेळी वहीत एक गोल काढून ठिपक्यांच्या जागा टिपा. आयो १.७७ दिवसांत फेरा मारतो, युरोपा ३.५५, गॅनिमीड ७.१५, प्रत्येकाला आधीच्याच्या दुप्पट वेळ लागतो. सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो ओळखायला सोपा. तो एका टोकाला लांब गेलेला दिसला, की त्या दिवशी तारखेवर खूण करा. सुमारे १७ दिवसांनी तो पुन्हा त्याच टोकाला दिसेल.